गायीचं विरजण

एकदा एक सोळा वर्षांची मुलगी, केतकी तिचं नाव, हातात वसतिगृहाचा अर्ज घेऊन आपल्या वृद्ध संस्कृतच्या बाईंकडे आली.

"बाई, सही हवी. उद्या शेवटची तारीख आहे."

"का गं, घर काय चावतं?"

केतकीला रडू फुटलं. "आईबाबांचं फाटलं, ते सोसलं. आता आईनं दुसरं लग्न केलंय. काका वाईट नाहीत हो. त्यांची चिमुरडी तर 'ताई, ताई' करत दिवसभर मागे असते. पण मी त्यांच्यात रमले, तर बाबांची राहीन का? सगळ्यावर विरजण पडलं!"

बाईंचे डोळे लुकलुकले. "मग जा, त्या नव्या घरचं विरजण चमचाभर घेऊन ये. माझं संपलंय."

हे काय भलतंच! पण गुरूची आज्ञा. नव्या घरी गायीचं दही असे, ते तिनं आणलं. बाईंनी ते म्हशीच्या कोमट दुधात हलकेच मिसळलं आणि केतकीच्या हातातला अर्ज घेऊन वाडग्यावर चक्क झाकण म्हणून ठेवला!

"बाई, अर्ज!"

"असू दे. सकाळी ये. तोवर कुणी डोकवायचं नाही, ढवळायचं नाही."

सकाळी बाईंनी वाडगा तिरका केला. दही हललं नाही.

"चाखून सांग, गायीचं की म्हशीचं?"

"म्हशीचं. साय केवढी जाड आहे!"

"आणि विरजण?"

केतकीनं पुन्हा चाखलं. "गायीचं. पण चवीत कुठं कळतच नाही!"

"पोरी, लिंबानं दूध फाटतं, विरजणानं त्याचं दही लागतं. आंबट दोन्ही, म्हणून लांबून बघणाऱ्याला दोन्ही नासाडीच वाटते. आधी झालं ते फाटणं होतं. हे विरजण आहे. यानं दूध आपलं मूळ सोडत नाही. तू बाबांचीच राहशील, फक्त घट्ट होशील. अर्ज ओला झालाय. नवा आण, लगेच सही करते."

केतकी वाडग्याकडे पाहतच राहिली. कुणी बळ केलं नव्हतं, नुसतं झाकून ठेवलं होतं; आणि काल सांडू शकणारं दूध आज आपल्या पायावर उभं होतं. रोज पानात पडणारं दही, पण आज तिला हात जोडावेसे वाटले.

नवा अर्ज तिनं मागितला नाही. वाटीभर दही मागून घेतलं.

नव्या घराच्या दारातच चिमुरडी आडवी आली. "ताई, कुणाच्या घरचं गं हे?"

केतकीनं तिच्या तळहातावर थोडं दही ठेवलं.

"आपल्या."