हौसाचं बीपी आणि गेणूची धावपळ

एका गावात गेणू नावाचा एक भोळा नवरा होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

त्याची बायको हौसा बाळंत झाली. मुलगी झाली, छान गुटगुटीत. पण तीन आठवडे झाले तरी हौसाचं बीपी काही खाली येईना. उपकेंद्रातल्या सुलभा सिस्टरनी गेणूला बोलावून घेतलं.

"बाळंतपण झालं म्हणून संपलं नाही, गेणू. हे बीपी अंगावर काढलं तर तिच्या जिवावर बेतेल. मीठ तिच्यापासून लांब ठेव."

गेणू घाबरला. बायकोवर त्याचा फार जीव. त्यानं मिठाची बरणी काखेत मारली, तीन कोस चालला आणि मेहुण्याच्या घरी ठेवून आला. घरात सगळ्यांनीच अळणी पिठलं खाल्लं.

सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अरे, लांब म्हणजे घरातच! तिचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर."

"चुकलं सिस्टर. आता तसंच करतो."

मग सिस्टरनी बीपीच्या गोळ्या दिल्या. गेणूनं त्या उंच फळीवर ठेवल्या आणि स्टूल लपवून टाकलं. दोन दिवसांत बीपी आणखी चढलं.

"अरे भल्या माणसा, तिच्या हातात द्यायचं! समोर उभं राहायचं आणि तिनं गिळल्याशिवाय हलायचं नाही."

"चुकलं सिस्टर. आता तसंच करतो."

सिस्टरनी तालुक्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. गेणूनं ती हौसाच्या हातात ठेवली, पाण्याचा तांब्या दिला आणि समोर उभा राहिला.

"गीळ."

"अवो, कागद हाय ह्यो!"

"तुझ्याच जिवासाठी सांगतोय. गीळ."

तासभर तो हलला नाही. शेवटी सिस्टरच आल्या म्हणून चिठ्ठी बचावली.

"चिठ्ठी घेऊन तालुक्याला जायचं, डॉक्टरांना दाखवायची! उद्याच जा. आणि हिचं डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर क्षणभर थांबायचं नाही. तसंच निघायचं."

"चुकलं सिस्टर. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हौसा डोकं धरून बाजेवर बसली. "अवो, डोकं फुटतंय. अंधारी आली."

 गेणूनं चिठ्ठी खिशात कोंबली, सायकलवर टांग टाकली आणि सुसाट निघाला.

"अवो, आन् मी?" हौसा ओरडली. पण गेणू कसला थांबतोय!

हौसानं शेजारच्या आशा सेविका ताईंना हाक मारली. ताईंनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली आणि मायलेकींना घेऊन निघाल्या. चढावर ती गाडी गेणूच्या शेजारून गेली. त्यानं अदबीनं वाट दिली आणि म्हणाला, "कुणीतरी बिचारं लई आजारी दिसतंय."

तो धापा टाकत दवाखान्यात पोचला, तोवर हौसाला इंजेक्शन देऊन झालं होतं. बीपी उतरायला लागलं होतं. गेणूनं डॉक्टरबाईंपुढं चिठ्ठी धरली.

"पेशंट कुठंय?"

"घरी. तिच्यासाठी थांबलो असतो, तर उशीर झाला असता!"

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि शेजारचा पडदा सरकवला. खाटेवर हौसा, कुशीत लेक.

"अवो, मी बरी हाय आता," हौसा हसून म्हणाली.

गेणूच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं देवाला हात जोडले, डॉक्टरबाईंना जोडले. मग एकाएकी त्याचा चेहरा पडला.

"हौसे, तू हितं हायस, तर मग घरी आजारी कोन हाय?"

आणि क्षणभरही न थांबता तो सायकलकडं पळत सुटला.