उत्पलेने मागितलेली परीक्षा

एका राज्यात वैद्यांची थोर शाळा होती, पण त्या शाळेत परीक्षा नव्हती. पूर्वी होती. राजपुत्र सुमंत्र तीत नापास झाला आणि राजा चंडविक्रम संतापला. त्याने कालकेतू नावाच्या जादूगाराला बोलावले. जादूगाराने परीक्षामंडपाला कुलूप घातले, परीक्षक आचार्य भास्वरांना धनेश पक्षी करून आत कोंडले, आणि त्यांच्या चोचीतून एक शब्द काढून घेतला. तो शब्द होता 'अनुत्तीर्ण'. मग त्याने राजाला सोन्याच्या कड्यांचा पेटारा दिला. शिक्षण संपले की विद्यार्थ्याच्या हातात कडे घालायचे, की झाला वैद्य. पण कडी शापित होती. ती हातात गेली की माणसाला स्वतःविषयी शंका म्हणून येत नसे.

वैद्य उदंड झाले, आणि माणसे मरू लागली. उत्पलेचा बाप असाच गेला. ताप साधा होता, काढा भलताच दिला गेला. बाप थंडगार पडला तरी वैद्य हसतमुखाने म्हणत होता, "उतार पडतो आहे."

पुढे उत्पला त्याच शाळेत शिकली. शिक्षण पुरे झाले त्या दिवशी राजाने तिच्यासाठी कडे उचलले. उत्पलेने हात मागे घेतला.

"महाराज, आधी माझी परीक्षा घ्या."

"या राज्यात परीक्षा नाही."

"म्हणूनच मागते."

"एवढी वर्षे गुरुजनांनी शिकवले. त्यांच्यावर तुझा विश्वास नाही?"

"त्यांनी शिकवले, हे मला ठाऊक आहे. मी शिकले की नाही, ते ठाऊक नाही."

राजा म्हणाला, "सूर्य मावळायच्या आत कडे घाल, नाहीतर राज्य सोड."

उत्पला तडक मंडपाकडे निघाली. समोरच्या अंगणात, भर उन्हात, राणी चौरंगावर बसली होती. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि तो काढायला राजपुत्र सुमंत्र शलाकेची बारीक सळई पारजत होता. त्याच्या मनगटावर कडे झळकत होते. ती कुलपापाशी जाऊन म्हणाली, "माझी परीक्षा घ्या." कुलूप गळून पडले. त्याला किल्ली नव्हतीच. इतक्या वर्षांत कुणी तेवढे म्हटले नव्हते, इतकेच.

आत धनेश बसला होता. "तीन प्रश्न," तो म्हणाला. "परत जायचे असेल तर आत्ताच जा."

"विचारा."

पक्ष्याने पंख झाडले. भिंतीतून दोन वेली उगवल्या, पानास पान सारख्या. एक तारणारी, एक मारणारी. मारणारी ओळखून उपटायची होती. उत्पलेने पाने चुरगळली, वास घेतला, देठाचा चीक पाहिला आणि डावी वेल उपटली. ती हातातच काळी पडली. ती विषारीच होती.

मग दगडी पुतळा पुढे आला. त्याच्या मनगटात नाडी चालत होती. उत्पलेने बोटे टेकली. "याला रोग नाही. याला भूक लागली आहे." पुतळ्याने मान डोलावली आणि तो भिंतीत परतला.

तिसऱ्या वेळी मातीचे मूल आले. ते तापाने फणफणले होते. उत्पलेने औषध खलले, मात्रा मोजली, चाटवली. मूल क्षणभर हसले. मग त्याला तडे गेले, आणि तिच्या मांडीवर मातीचा ढीग तेवढा उरला.

तिला बापाचा थंड तळवा आठवला. मुलाला दिलेली मात्रा जास्त झाली होती.

धनेशाने चोच उघडली, पण निकालाचा शब्द त्याच्यापाशी नव्हता. तोवर कुलूप गळाल्याचे ऐकून राजा, जादूगार आणि सारे नगर दारात येऊन उभे होते. कालकेतू मृदू आवाजात म्हणाला, "मुली, पक्ष्याला निकाल सांगता येत नाही. तू सांगशील तोच खरा. उत्तीर्ण म्हण. महाराज तुला राजवैद्य करतील."

"आणि खरे सांगितले तर?"

"तर हसे होईल, आणि राज्य सुटेल."

उत्पला उठली. मांडीवरची माती तिने झटकली नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी अनुत्तीर्ण झाले."

त्या शब्दासरशी राज्यातली सगळी कडी तडकली. कालकेतूचा धूर झाला आणि तो वाऱ्यावर गेला. धनेशाच्या जागी वृद्ध आचार्य भास्वर उभे राहिले. बाहेर अंगणात शलाका राणीच्या डोळ्यापाशी पोचली होती. सुमंत्राचे कडे गळून पडले, आणि त्याने शलाका खाली ठेवली.

"आईसाहेब," तो म्हणाला, "मला हे येत नाही."

राजा आचार्यांकडे वळला. "जी परीक्षा हिलाही नापास करते, ती काय कामाची?"

"महाराज," आचार्य म्हणाले, "या मंडपात मातीचे मूल मेले. गावात कुणाचे मूल मेले नाही."

राजाने आपल्या हाताने मंडपाची दारे सताड उघडी केली. आचार्यांचे हात आता म्हातारे झाले होते, त्यांना शलाका धरवत नव्हती, तेव्हा राणी उत्पलेला आणि सुमंत्राला म्हणाली, "मी थांबते. नीट शिका, मग या."

उत्पला पुन्हा अभ्यासाला बसली. तिच्या शेजारी सुमंत्र बसला. वर्ष सरले, परीक्षा झाली, आणि उत्पला उत्तीर्ण झाली. तिने राणीचा मोतीबिंदू काढला, तेव्हा राणीने आधी तिचा चेहरा पाहिला आणि मग लेकाला विचारले, "तुझे काय झाले?"

"नापास झालो, आईसाहेब," सुमंत्र म्हणाला. "पुढच्या खेपेला पुन्हा बसतो." आणि तो पाठ करायला निघून गेला.