थर्मामीटर कुणाचं ऐकतो

थर्मामीटरमध्ये पारा असायचा त्या काळातली गोष्ट. अंबादासरावांची रेवती तापाने फणफणली होती आणि दुसऱ्याच दिवशी तिचा साखरपुडा होता. त्यांनी थर्मामीटर लावला, तर पारा एकशे तीनवर.

"खोटारडा!" म्हणत त्यांनी तो झटकला आणि पुन्हा लावला. पारा पुन्हा तिथेच.

"खाली ये, नाहीतर फोडून टाकीन!"

"फोडा खुशाल," थर्मामीटर म्हणाला. "झटकल्यावर मी उतरतो, तिचा ताप नाही उतरत."

अंबादासराव वरमले. साखरपुडा पुढे ढकलून त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. औषधाने हळूहळू ताप गेला आणि पारा अठ्ठ्याण्णववर थांबला.

"शेवटी ऐकलंस ना माझं!" ते हसले.

"छे! तुमचं तेव्हाही ऐकलं नाही, आजही नाही," थर्मामीटर म्हणाला. "मी फक्त रेवतीचं ऐकतो."