स्वप्नातला वाकडा दात

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध दंतवैद्य राहत असत. दंतवैद्याचं नाव काढल्याबरोबर तुमच्यापैकी काहींची जीभ आपोआप दुखऱ्या दाढेकडे वळली असेल. वळू द्या, गोष्टही तिकडेच निघाली आहे. गाव त्यांना तात्या म्हणे. दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून नदी दिसे आणि सकाळच्या वेळी धुकं इतकं आत येई की खुर्चीतला रोगी कुठे संपतो आणि तात्या कुठे सुरू होतात हे पटकन उमगत नसे. रोग्याच्या तोंडात डोकावण्याआधी क्षणभर डोळे मिटून बसायची तात्यांना सवय होती. नवखा माणूस समजे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. जुने लोक मात्र निवांत वाट पाहत.

तात्यांजवळ एक शिष्या शिकत होती. शहरातून पदवी घेऊन आलेली, हाताने अतिशय तयार, आणि मनाने जरा घाईची. गेलेल्या दाताच्या जागी हाडात रोवून बसवायचे कृत्रिम दात, ज्यांना आता आपण सगळेच इम्प्लांट म्हणतो, हा तिच्या विशेष प्रेमाचा विषय होता. त्यांचे नमुने तिने एका मखमली पेटीत लावून ठेवले होते, आणि रिकामा वेळ मिळाला की ती पेटी उघडून बघत बसे. तात्या म्हणत, "अगं, किती बघशील? दृष्ट लागेल त्यांना."

एके दिवशी तिथे सिदूआप्पा वाजंत्री आले. देवीच्या देवळाच्या दारावर जो नगारखाना आहे, तिथे पहाटे सनई वाजवायची हे त्यांच्या घराण्याकडे चालत आलेलं काम. सिदूआप्पा ते लहानपणापासून करत होते. गाव त्या सुरांवर जागं होई. म्हणजे पुरतं जागं नव्हे, कूस बदलून पुन्हा थोडं निजावं इतपतच. आदल्या वर्षी नगारखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांचा पाय घसरला होता. पडता पडता त्यांनी सनई छातीशी कवटाळली आणि तोंड पायरीवर आपटू दिलं. सनईला ओरखडाही आला नाही. वरचे पुढचे दोन दात मात्र गेले.

"तेव्हापासून सूर धरत न्हाई," सिदूआप्पा म्हणाले. "फुंक सगळी बाजूनं निसटती. देवळात आता कर्ण्यावर टेप लावत्यात. चांगली हाय टेप, वाईट न्हाई. पण पहाटे मला जाग येतीच. मग मी पडल्या पडल्या घोंगडीवर बोटं फिरवत ऱ्हातो. बाई, मला दात खायला नगंत. भाकरी मी कुस्करून खाईन. मला सनईपुरते दात द्या."

शिष्येला त्यांची फार कणव आली. तिने पेटी उघडली आणि एकेक नमुना हातावर घेऊन समजावू लागली. हा टायटॅनियम धातूचा, स्क्रूसारखा, जबड्याच्या हाडात जातो. याचे दोन भाग असतात. खालचा हाडात मुरतो आणि वरचा, ज्यावर दात बसतो, तो नंतर जोडतात. हा दुसरा अगदी बारीक, हाड अरुंद असलं तर उपयोगी, बहुधा कवळीला आधार म्हणून वापरतात. ही जाळी हाडाच्या आत जात नाही, हिरडीखाली हाडावर बसते. हा लांबलचक थेट गालाच्या हाडापर्यंत पोचतो, पण तो वरच्या जबड्याचं सगळंच हाड झिजलेल्यांसाठी. "आणि हा," असं म्हणून तिने शेवटचा नमुना अलगद उचलला, "झिरकोनियाचा. पांढराशुभ्र, एकसंध. धातूची काळसर छाया हिरडीतून कधी दिसायची नाही. पुढच्या दातांना याच्यासारखा दुसरा नाही. तुमचं हाड थोडं उतरलं आहे, तिथे आधी भर घालू आणि मग हाच बसवू."

सिदूआप्पांनी नम्रपणे मान हलवली. तात्यांचे डोळे मिटलेलेच होते. ते म्हणाले, "आधी काढघालीचे दोन दात करून दे. महिनाभर वापरू देत. पेटी पळून जात नाही."

तिने ते दात केले, आणि काय सुरेख केले. सरळ, मोत्याच्या रंगाचे, एका रेषेत. आरशात पाहताना सिदूआप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "अगबाई, लग्नातबी असं दिसत नव्हतं हे." सगळा दवाखाना हसला. शिष्येच्या गालावर लाली आली. कामाचं चीज झालं की माणसाला असं होतंच, त्यात तिचं काही चुकलं नाही.

पण सनई वाजेना.

सिदूआप्पांनी सनईच्या तोंडाची पत्ती पाण्यात भिजवली, ओठांत धरली, फुंकर घातली. सूर निघाला आणि मध्येच फाटला. पुन्हा घातली, पुन्हा फाटला. शिष्या म्हणाली, "नवीन आहेत, आप्पा. सवय होईल." ते म्हणाले, "व्हय, होईल की," आणि गेले.

काही आठवड्यांनी ते पत्नीसह परत आले, तेव्हा धुकं दाट होतं. हातात लाल फडक्यात गुंडाळलेली सनई होती. ती त्यांनी तात्यांच्या टेबलावर ठेवली आणि बाजूला सरकून उभे राहिले. म्हणाले, "तात्या, ही तुमच्या कपाटात ठिवा, काचेमागं. घरात दिसली की जीव तुटतो. आता ह्या जन्मात काय वाजायची न्हाई ती माझ्याच्यानं. बाईंची काय चूक न्हाई, दात लई झ्याक केल्यात. माझीच फुंक म्हातारी झाली."

शिष्येला वाटलं, आपण खुर्चीसकट जमिनीत जावं. दात तर नमुनेदार होते. माप चोख होतं. मग या माणसाने सनई का ठेवली?

तात्यांनी सनईला हात लावला नाही. त्यांनी विचारलं, "सिदू, झोप लागते का?"

"पहाटेपतुर लागती."

"स्वप्न पडतं?"

सिदूआप्पांनी मान खाली घातली. मग जरा लाजून म्हणाले, "पडतं. रोजचं एकच हाय. नगारखान्यात बसलोय, खाली धुकं हाय, देऊळ दिसत न्हाई, आणि सनई वाजतीया. लई ग्वाड वाजती. फाटत न्हाई की काय न्हाई. मग जाग येती."

"स्वप्नात दात असतात?"

"असत्यात की."

"कुठले? आमच्या बाईंनी केलेले?"

सिदूआप्पांनी थोडा विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. "माझे. जुने."

"काढून ठेव ते तोंडातले. बस इथे. डोळे मीट. नगारखान्यात जा परत. धुकं आहे ना?"

"हाय."

"धर सनई."

सिदूआप्पांनी रिकाम्या हवेत हात उचलले. बोटं जिथल्या तिथे गेली. पुढे जे झालं ते शिष्येने नीट पाहिलं, म्हणून मी सांगू शकतो. त्यांचा वरचा ओठ डाव्या बाजूला किंचित खाली आला आणि तिथे एक छोटी खळगी पडली, कुणी नख टेकवावं तेवढी. मान उजवीकडे कलली. खोलीत आवाज नव्हता, तरी नदीवर कुठेतरी काही वाजतं आहे असं तिला वाटलं, आणि वाटतं आहे हे कळल्यावरही ते थांबलं नाही. तात्या बराच वेळ त्या खळगीकडे पाहत राहिले.

मग ते उठले. शिष्येने केलेली ती मोत्यासारखी दातांची जोडी त्यांनी हातात घेतली आणि कानस उचलली. डाव्या दाताचा कोपरा त्यांनी घासून टाकला. तेवढ्यावर थांबले नाहीत. तो दात खालच्या गुलाबी पट्टीतून सोडवून, मेण तापवून, आतल्या अंगाला वळवून तिरपा बसवला.

"सर," शिष्येच्या तोंडून निघालं, "हे काय करताय? वाकडा केलात."

"हो," तात्या म्हणाले. "थोडा अजून हवा." आणि त्यांनी अजून थोडा केला.

ते वेडंवाकडं काम त्यांनी सिदूआप्पांच्या तोंडात बसवलं, फडकं सोडलं आणि सनई त्यांच्या हातात दिली. पत्ती शिष्येने भिजवून दिली. सिदूआप्पांनी डोळे उघडलेच नाहीत. त्यांनी फुंकर घातली, आणि सूर निघाला तो निघालाच. तो खिडकीतून नदीवर गेला. पलीकडच्या काठावर धुणं धूत असलेल्या बायका हात थांबवून इकडे पाहू लागल्या. वाजवून झाल्यावर सिदूआप्पा नुसते रडले. त्यांच्या पत्नीने त्या दिवशी दात कसे दिसतात याबद्दल चकार शब्द काढला नाही.

ती मंडळी गेल्यावर शिष्या कितीतरी वेळ पेटीसमोर बसून होती. शेवटी म्हणाली, "सर, तुम्हाला कसं कळलं, त्यांचा दात वाकडा होता ते?"

तात्या म्हणाले, "मला कुठे माहीत होतं? त्यालाही माहीत नव्हतं. ते त्याच्या ओठाला माहीत होतं. हे बघ, तो दात जन्मतः वाकडा नसावा. लहानपणापासून रोज पहाटे पत्तीचा भार ओठावर आणि ओठाचा दातावर. दात आणि हाड यांच्यामध्ये एक मऊ अस्तर असतं, तू शिकली आहेस. त्या अस्तरात दात हळूहळू सरकतो, वळतो, भाराला जागा करून देतो. एका आयुष्याची सनई त्या दाताने अशी शिकून घेतली होती. आता तुझी ही पेटी. यातल्या कुठल्याही नमुन्याला ते अस्तर नाही. हाड त्याला थेट धरतं, आणि एकदा धरलं की तो तसूभर हलत नाही. हीच त्याची ताकद आहे, आणि हेच त्याचं उणं. दात शिकतो गं, इम्प्लांट शिकत नाही. म्हणून दाताने जे आयुष्यभरात शिकून घेतलं, ते आपण त्याला पहिल्याच दिवशी शिकवून पाठवायला हवं. तू कोणता चांगला आणि कोणता त्याहून चांगला हे बघत होतीस. बघायलाच हवं. पण जो गेला तो काय करत होता, हे आधी विचार."

शिष्येने पेटीकडे पाहिलं. पांढराशुभ्र, एकसंध नमुना तिथे तसाच सुंदर पडून होता. पण तो जसा हाडात रोवायचा तसाच कायमचा राहणार. त्याचा माथा मागाहून हवा तसा वळवता येणार नव्हता. तिने तो परत मखमलीत ठेवला आणि तो साधा, राखाडी, दोन भागांचा उचलला.

"खालचा भाग हाडात मुरू दे," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "वरचा भाग तिरपा मिळतो. मधल्या महिन्यांत ते काढघालीचे दात लावून वाजवत राहतील. ओठ सांगेल तेवढाच तिरपा ठेवू. धातूची थोडी छाया दिसेल हिरडीतून."

"दिसू दे," तात्या म्हणाले. "पहाटे नगारखान्यात अंधारच असतो." आणि त्यांनी डोळे मिटले. या वेळी बहुतेक खरोखरच डुलकी लागली होती.

तसंच झालं. आधी हाडाला भर घातली, ती रुजली. मग खालचा भाग बसवला आणि हाडाने तो धरेपर्यंत सगळे थांबले. घाईची शिष्यासुद्धा थांबली, आणि हे तिला जमलं याचं आश्चर्य खुद्द तिलाच वाटलं. नंतर तिने स्वतःच्या हाताने एक सरळ आणि एक वाकडा असे दोन दात केले. वाकडा करायला तिला सरळपेक्षा फार जास्त वेळ लागला.

देवळातली टेप बंद झाली. गाव पूर्वीसारखं कूस बदलून पुन्हा निजू लागलं. शिष्येचं बिऱ्हाड देवळाच्या मागच्या आळीत होतं. एका पहाटे अर्धवट झोपेत सूर ऐकताना तिची जीभ आपोआप स्वतःच्या दातांवरून फिरली. आणि आपलाही एक सुळा जरा बाहेर डोकावतो, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. तो काय शिकून तसा झाला असेल, याचा विचार करता करता तिला पुन्हा झोप लागली.

काही दिवसांनी सिदूआप्पा तपासणीला आले. हिरडी निरोगी होती, दात घट्ट होते. तिने सहज विचारलं, "आप्पा, ते नगारखान्याचं स्वप्न अजून पडतं का हो?"

सिदूआप्पा वाकड्या दाताने हसले.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "आता पहाटे तिथं मीच असतो की."

आपल्या घरात, आपल्या कामात एखाद्याची जागा रिकामी होते आणि आपण ती भरायला निघतो. भरण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून बसायला हरकत नाही.