राजाला बदलून द्या

"म्हणजे दोष नराचाच. बरोबर ना, चाचा?"

रेवडेकर सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर चाचा पाखरांना चोच घासायला समुद्रफेसाचा पांढरा तुकडा एका पिंजऱ्याच्या जाळीला बांधत होते. त्यांनी गाठ मारली. ती सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली.

"बसा की वाईच, सर," एवढंच म्हणाले.

चाळीस वर्षं या माणसाने तारेचे पिंजरे बांधले आणि पाखरं वाढवली. मिरजेत काय नि सांगलीत काय, कुणाचं पाखरू हटून बसलं की तो चाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतो. आमचे सर मात्र सल्ला विचारायला आले नव्हते. ते सल्ला घरूनच घेऊन आले होते.

पिंजरा माझ्या मांडीवर होता. सांगलीहून स्कूटरवर मागे बसून मीच तो सांभाळत आणला. सरांनी मला शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला नाही म्हणता येत नाही.

पिंजऱ्यात दोन लव्हबर्ड होते. दोघांचं अंग हिरवं, तोंड शेंदरी. सरांनी बाजारातून आणले तेव्हाच नावं ठेवली, राजा आणि राणी. तुळशीच्या लग्नादिवशी त्यांचंही लग्न लावलं. मंगलाष्टकं मी म्हटली. अक्षता त्या दोघांनी खाऊन टाकल्या.

त्याला दोन वर्षं झाली. चार वेळा अंडी झाली आणि एकातूनही पिल्लू निघालं नाही.

"रविवारी पक्षीपालकांच्या मेळाव्यात माझं व्याख्यान आहे," सर म्हणाले. "'लव्हबर्डचे यशस्वी प्रजनन'. बारा पानं लिहून तयार आहेत. पण कुणी उठून विचारलं, तुमच्याकडे किती पिल्लं, तर काय सांगू? निदान दोष शोधला, नर बदलला, एवढं तरी सांगता यायला हवं. हा राजा तुम्ही ठेवून घ्या. मला चांगला कर्ता नर द्या."

राजाने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. तरी मला त्याची दया आली. गेल्या पावसाळ्यात सरांनी त्याला शिक्षा म्हणून आठ दिवस वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. राणीने दाण्याला तोंड लावलं नाही. सरांनी वहीत 'विरह' असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

"नर कुठला?" चाचांनी विचारलं.

"हा काय. राजा."

"कशावरनं?"

"निरीक्षण!" सर खुलले. "दिसायला दोघं सारखेच असतात, तिथेच लोक फसतात. पण हा बघा, अंगाने भरलेला. दाणा आधी हाच खाणार. दांडीवरची मधली जागा याची. आरडाओरडा याचा. आणि ही राणी बिचारी गप्प. याची मान खाजवून देते, हा सरकला की सरकते. चाचा, तीस वर्षं संसार केलाय मी. नवरा कोण आणि बायको कोण, मला कळतं."

"घरी बाईसाहेब बऱ्या हायत?"

"बरी आहे. गव्हाचं पोतं उतरवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही म्हणाली, म्हणून तर उशीर झाला." सर थांबले. "त्याचा इथे काय संबंध?"

"न्हाई… सहज इचारलं."

चाचांनी दुसरी गाठ मारायला घेतली.

"अंडी किती हुत्यात एका टायमाला?"

"नऊ!" सरांनी असं सांगितलं की जणू त्यांनीच घातली. "लोकांच्या मादीला चार-पाच होतात. माझ्या राणीला नऊ. खुराकच तसा आहे. मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला…"

"नऊ," चाचा म्हणाले.

"नऊ."

"आन राजा?"

"तोही घरट्याच्या डब्यात जाऊन बसतो. तासन् तास बसतो. बाप म्हणून त्याला नावं ठेवणार नाही मी. नवरा म्हणून कुचकामी आहे, एवढंच."

बाजूच्या पिंजऱ्यातले पोपट सरांपेक्षा जोरात बोलत होते.

"ते व्याख्यान आणलंय का संगं?"

सरांचा चेहरा उजळला. हे कुणीतरी विचारावं असं त्यांना घरापासून वाटत होतं, पण कुणी विचारेना. त्यांनी पिशवीतून कागद काढले, चष्मा लावला आणि घसा साफ केला.

"पहिलं पान मला द्या," चाचा म्हणाले. "दुसऱ्यापासनं वाचा."

सरांनी पान दिलं. चाचांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं, पान आत सरकवलं आणि दार लावलं.

मी सरांकडे पाहिलं. सर तोवर दुसऱ्या पानात शिरले होते.

"'मादीची ओळख,'" सर वाचू लागले. शाळेतला तोच आवाज, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "'घरटे सजवणे हे या जातीत मादीचे काम. मादी कागद मिळताच चोचीने त्याच्या लांब, एकसारख्या पट्ट्या कापते…'"

राजा दांडीवरून उतरला. पानाची कड चोचीत धरली आणि कुरकुर करत सरळ रेषेत कापत निघाला. लांब पट्टी निघाली. एकसारखी.

"'…व ती पट्टी शेपटीच्या वरच्या पिसांत खोचते…'"

राजाने मान मागे वळवली आणि पट्टी शेपटीवरच्या पिसांत खोचली. मग दुसरी कापली. तीही खोचली.

"सर," मी म्हणालो.

"मध्ये बोलू नकोस, शिरगावे. '…नराला ही कला अवगत नसते. त्याने प्रयत्न केला, तरी पट्टी गळून पडते. सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्याच्या नजरेतून हा फरक सुटत नाही.'"

"सर, बघा ना."

"काय बघू?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

राजाच्या पाठीमागे पाच पट्ट्या झुलत होत्या. एकही गळाली नव्हती. पलीकडे राणीही उतरली होती. तिच्या पिसांत तीन.

सर पिंजऱ्याकडे बघत राहिले. मग हातातल्या पानाकडे. मग पुन्हा पिंजऱ्याकडे…

"घरी कागद दिला न्हाई कवा?" चाचांनी विचारलं.

"नाही. मी डब्यात काथ्या भरून द्यायचो. तयार. त्यांना त्रास नको म्हणून."

"हां."

"म्हणजे राजा…"

"हां."

"आणि नऊ अंडी…"

"दोघींची."

मी म्हटलेल्या मंगलाष्टकांचं आता काय होतं, हे विचारायची ती वेळ नव्हती.

सर स्टुलावरून उठले आणि पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले. शाळेत त्यांना कुणापुढे असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"आठ दिवस वेगळं ठेवलं रे मी तुला," ते राजाला म्हणाले. "काय काय बोललो… शेजाऱ्यांसमोर बोललो."

राजाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिला काम होतं.

चाचांनी आतून एक छोटा पिंजरा आणून समोर ठेवला. त्यात एक देखणा लव्हबर्ड होता. "ह्यो नर. पारखून ठेवलाय. मागितलासा म्हणून आणला. राजाला ठिवून जावा आन ह्याला न्या. साल-सहा म्हैन्यात हुतील पिल्लं."

सरांनी त्या नराकडे पाहिलं. मग आपल्या पिंजऱ्याकडे.

राजा पट्ट्यांसकट दांडीवर चढून मधल्या जागी बसली. राणी सरकत सरकत तिच्याजवळ आली आणि तिची मान खाजवू लागली.

"आणि हिने पुन्हा दाणा सोडला तर?" सरांनी विचारलं.



सरांनी छोटा पिंजरा दोन्ही हातांनी उचलला आणि चाचांच्या बाजूला सरकवून ठेवला.

"शिरगावे, आपला पिंजरा घे. सावकाश. राजाला धक्का लागता कामा नये."

मी पिंजरा उचलला. सरांनी उरलेली अकरा पानं गोळा केली, पिशवीत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"पण चाचा, रविवारी लोक जमणार. मी तिथे उभा राहून काय वाचू?"

चाचांनी पिशवीतली पानं मागून घेतली. माझ्या हातातल्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि अकराच्या अकरा पानं आत सरकवली.

"त्या दोघी ठिवतील तेवढं वाचा."