बोंबेचा अर्थ

फार पूर्वी समुद्राकाठी एक नगर होतं, पण त्याचा राजा राहायचा सातासमुद्रापलीकडे. राजाने नगर कधी पाहिलं नव्हतं आणि नगराने राजाला. न पाहिलेल्या माणसांवर कर बसवणं फार सोपं असतं. राजाने चूलपट्टी बसवली. घरात जितक्या चुली, तितक्यांदा पट्टी. जो भरणार नाही, त्याच्या चुलीवर शिपाई घागरभर पाणी ओतून जात.

लोक हैराण झाले. भांडून वेगळी चूल मांडलेले भाऊ पट्टीपायी पुन्हा एका चुलीवर आले आणि भाकरी भाजेपर्यंत तिथेच भांडू लागले. बाळंतिणीच्या पाण्यासाठीसुद्धा शेजारणीची चूल मागायची वेळ आली.

अशात राजाच्या वतीने नगराचा कारभार पाहणारा जुना लाटसाहेब बोटीत बसून निघून गेला आणि नवा आला. माणूस तसा वाईट नव्हता, पण इथल्या भाषेतलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. म्हणून त्याच्याबरोबर सतत एक दुभाषी असे. दुभाषी हुशार होता, डोक्यावर सरकारी पागोटं होतं आणि सरकारी नोकर म्हणून त्याच्या घराला चूलपट्टी माफ होती. त्याच्या आधीच्या दुभाष्याने जुन्या साहेबाला एकदा खरं काय ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो घरी बसला. ही गोष्ट आपल्या दुभाष्याने मनाशी नीट बांधून ठेवली होती.

नव्या साहेबाची गाडी पहिल्यांदा बाजारातून निघाली. लोक दुतर्फा उभे होते. कुणाच्या हातात फूल नव्हतं. गाडी चौकात आली तशी एका म्हाताऱ्या कुंभाराने तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकली. मागोमाग सगळ्या बाजाराने ठोकली, बायकांनीसुद्धा.

शिमगा होऊन चार महिने झाले होते. शिमगा नसताना कुणाच्या नावाने बोंब मारतात आणि का मारतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबाला कसं कळावं?

"हे काय करताहेत लोक?" त्याने विचारलं. "पट्टीवर नाराज आहेत का? मला खरं सांग. तसं असेल तर मी राजाला लिहीन आणि पट्टी उठवायला लावीन."

खरं दुभाष्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण हात आपोआप पागोट्याकडे गेला. साहेब आज गोड बोलतोय, उद्या फिरला तर? आणि आपली चूल तर पेटतेच आहे.

"छे छे, साहेब," तो म्हणाला. "हा आमच्याकडचा जयजयकार. फार मोठ्या माणसासाठीच करतात."

साहेबाला भरून आलं. त्याने टोपी काढून लोकांना मान लववली. लोकांनी आणखी जोरात बोंब ठोकली.

घरी आल्यावर दुभाष्याने ही गंमत आईला सांगितली. आई हसली नाही.

"मेल्या, बोंबेला जयजयकार म्हणालास! उद्या तुझ्यावर पाळी आली तर तू काय ओरडशील?"

"माझ्यावर कशाला येईल, आई? आपल्याला माफी आहे."

साहेबाने राजाला लिहिलं, 'प्रजा पट्टीवर इतकी खूश आहे की रस्त्यात जयजयकार करते.' राजाने आनंदाने पट्टी दुप्पट केली. बोंबा वाढल्या. साहेब दर बोंबेला टोपी काढत राहिला, आणि दुभाषी शेजारी बसून मान डोलावत राहिला. असं वर्ष गेलं.

मग एके दिवशी साहेब म्हणाला, "इतकी लाडकी पट्टी, आणि माझ्याच नोकरांना ती भरायला मिळू नये? हा अन्याय आहे." त्याने माफी रद्द केली.

त्याच आठवड्यात दुभाष्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवामागे अकरा चुली पेटल्या होत्या, भाताची पातेली रटरटत होती. शिपाई आले.

"अकरा चुलींची दुप्पट पट्टी. आत्ताच्या आत्ता."

"अरे, मला ओळखत नाहीस का?"

"ओळखतो ना. म्हणून तर आधी विचारलं."

तेवढे पैसे लग्नघरात कुठून निघणार? शिपायांनी एकामागून एक अकराही चुलींवर पाणी ओतलं. अर्ध्या कच्च्या भातात राख उडाली. मुलाचा बाप उठून उभा राहिला. "अक्षता पडायच्या आधी ज्या घरची चूल विझली, त्या घरची मुलगी आम्ही नेत नाही," असं म्हणून तो वऱ्हाड घेऊन चालता झाला. मुंडावळ्या बांधलेली पोर पाटावर तशीच बसून राहिली. तिने काय पाप केलं होतं?

म्हातारा कुंभार मांडवाच्या दाराशी आला होता. त्याने ओल्या चुलींकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय दुभाषी, ह्याला साहेबाच्या भाषेत काय म्हणायचं?"

दुभाषी बोडक्या डोक्याने धावत सुटला. साहेब व्हरांड्यात चहा पीत बसला होता. दुभाष्याने तोंड उघडलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. खरं सांगायचं तर आधी वर्षभराचं खोटं कबूल करायला हवं. त्याची शिक्षा त्याला ठाऊक होती. ती त्यानेच लोकांना कैकदा समजावून सांगितली होती. दोन्ही भाषांतला एकही शब्द कामाचा उरला नाही. त्याने तोंडावर पालथा हात मारला आणि ऊर फुटेस्तोवर बोंब ठोकली.

साहेब कप ठेवून उठला. त्याने टोपी काढली. त्याचे डोळे पाणावले होते.

"मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा माझा जयजयकार करायला आलास!" तो म्हणाला. "आणि बघ, आज तू काही न सांगता मला समजलं. तुमची भाषा आता मला येते. उद्यापासून मला दुभाषी नको."

तात्पर्य: दुसऱ्याच्या बोंबेला जो जयजयकार म्हणतो, त्याची स्वतःची बोंबही जयजयकारच ठरते.