मैलाच्या दगडापुढचे अंतर

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर त्याने मनात आधीच ठरवून आणले होते. गुरूची मान तेवढी हलायची बाकी होती. आपण सगळेच सल्ला बहुधा असाच मागतो, त्यामुळे त्या शिष्याला हसण्याचे कारण नाही.

गुरू म्हणजे कोणी आश्रमवासी नव्हते. घाटाच्या पायथ्याशी राहणारे ते एक वृद्ध गृहस्थ होते. माणसांना अवजड गाड्या चालवायला शिकवण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते आणि सारा मुलूख त्यांना मास्तर म्हणत असे. शिष्य त्यांच्याच शेजारी बसून स्टिअरिंग धरायला शिकलेला, आणि आता एका नव्या कोऱ्या पिकअपचा मालक झालेला. खाणीतले जांभ्या दगडाचे चिरे भरायचे, घाट चढायचा, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या बाजारपेठेच्या गावी उतरायचे, हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू, पण घाईचा. घाई ही कष्टाळू माणसांचीच खोड असते. आळशी माणूस तिच्या वाटेला जात नाही.

पलीकडच्या गावात बांधकामाच्या मालाचा एक मोठा व्यापारी होता. त्याने शिष्याला वर्षभराचे काम देऊ केले. अट अशी, की इतर गाडीवाले जो माल दोन खेपांत आणतात तो याने एका खेपेत आणायचा. असे काम हाती आले म्हणजे रोज सकाळी खाणीवर जाऊन भाड्याची वाट पाहत बसणे संपणार होते. शिष्याने ते काम मिळवायचेच असा निश्चय केला. आधी त्याने मागच्या चाकांवर स्प्रिंगचे जादा पाटे बसवून घेतले, म्हणजे दुप्पट भाराने गाडी मागून खचू नये. त्या भागात हे इतके सर्रास चालते की पाटे न वाढवलेली पिकअप दिसली तर मालक नवखा आहे असे लोक खुशाल समजतात. पण पाटे वाढले तरी इंजिन तेच होते. चढावर त्याला धाप लागू लागली.

तेवढ्यात त्याला शहरातला एक जाणकार भेटला. तो गाडीला लॅपटॉप जोडून इंजिनचे ट्यूनिंग करून देई. ताकद वाढेल, चढ जाणवणारही नाही, असे त्याने सांगितले. शिष्याच्या मनात एकच काटा होता. गाडी अजून वॉरंटीत होती, आणि असे काही केले की कंपनी हात वर करते हे त्याला ठाऊक होते. जाणकाराने तोही काटा काढून टाकला. सर्व्हिसिंगला नेण्याआधी मूळ प्रोग्रॅम परत घालून देतो, कोणाला पत्ता लागणार नाही, असे तो म्हणाला.

शिष्य मास्तरांकडे आला तो एवढेच विचारायला, की कंपनीला कळेल का.

मास्तरांनी उत्तर दिले नाही. त्या व्यापाऱ्याला एका खेपेत हवे तेवढे चिरे भरून गाडी आण, मीही बरोबर येतो, एवढेच ते म्हणाले. शिष्याला आनंद झाला. इंजिनचे हाल मास्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील आणि होकार देतील, असा त्याचा कयास होता.

गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत घाट चढली. शिष्य दर वळणाला मास्तरांकडे पाही. मास्तर दरीकडे पाहत असत. खिंड ओलांडल्यावर रस्ता थोडा वेळ अगदी सौम्य उतरतो, मग पुन्हा किंचित चढतो, आणि त्यानंतर खरा उतार लागतो. त्या सौम्य उतारावर, रस्ता पूर्ण मोकळा आहे हे पाहून, मास्तरांनी पुढच्या मैलाच्या दगडाकडे बोट दाखवले आणि गाडी तिथे थांबवायला सांगितले.

शिष्याने ब्रेक दाबला. दगड आला, बाजूने निघून गेला, आणि गाडी चालतच राहिली. शिष्याने पेडल तळापर्यंत दाबले. पुढचा चढ लागला तेव्हा कुठे ती थांबली. ब्रेकचे लायनर जळाल्याचा उग्र वास केबिनमध्ये शिरला. शिष्य काही बोलणार तोच मास्तर दार उघडून खाली उतरले, सावकाश मागे चालत गेले आणि त्या मैलाच्या दगडावर जाऊन बसले.

शिष्य बुचकळ्यात पडला. त्याने मास्तरांना हाक मारली. ते हलले नाहीत. गाडी मागे घ्यावी तर भार असा की ते धाडस होईना. शेवटी हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून तो स्वतः उतरला आणि चालत निघाला. अंतर बरेच होते. निम्म्या वाटेत त्याच्या लक्षात येऊ लागले, आणि मास्तरांपर्यंत पोचेतो त्याचा चेहरा उतरला होता. तो भ्याला होता, आणि त्याने भ्यायलाच हवे होते.

"किती चाललास?" मास्तरांनी विचारले.

शिष्याने वळून दूर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिले.

"एवढं अंतर कंपनीनं आधीच चालून पाहिलंय, बाबा. म्हणून तिनं भार किती घ्यावा ते ठरवलं, इंजिन किती जोराचं ठेवावं ते ठरवलं, आणि म्हणाली, इथवर मी जबाबदार. तू त्याला कंपनीची कंजुषी समजलास. तो शहरातला माणूस तुझं इंजिन जोरदार करून देईल, खोटं नाही बोलत तो. पण तो ब्रेक बदलणार नाही, आणि या रस्त्यानं तो कधी उतरणारही नाही. समोर पाहा. उतार संपतो तिथं बाजार भरतो."

शिष्याने विचारले, मग ट्यूनिंग करणे चुकीचेच का?

"कोण म्हणतं? हौस असेल तर जरूर कर. पण उघड कर. वॉरंटी गेली असं आपल्या तोंडानं म्हण, ब्रेक-क्लच त्या मापाचे बसव, भार गाडीला झेपेल तेवढाच ठेव, आणि इथून पुढं मी जबाबदार असं म्हणून चालव. तू तसं करणार नव्हतास. तू लपवणार होतास. उद्या गाडी बिघडली, की तिला बरी करणाऱ्याशीच खोटं बोलावं लागलं असतं. मग ती बरी कशी होणार? तू मला विचारलंस, कंपनीला कळेल का. कदाचित नाही कळणार. गाडी थांबेल का, हे तू कुणालाच विचारलं नाहीस."

शिष्याने निम्मे चिरे रस्त्याच्या कडेला उतरवले. एकट्याने, एकही न आपटता. ब्रेक पुरते निवल्यावर आणि पेडल पुन्हा घट्ट लागतेय हे दोनदा तपासल्यावर तो दुसऱ्या गिअरमध्ये खाली उतरला, माल पोचवला आणि उरलेला न्यायला परत आला. तोवर मास्तर त्या चिऱ्यांच्या राशीवर बसून होते.

व्यापाऱ्याची वखार उताराच्या तळाशी, बाजाराच्या तोंडाशीच होती, आणि घाटातून येणारा रस्ता त्याच्या गादीसमोरच येऊन वळत असे. दुसऱ्या दिवशी शिष्य त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, एका खेपेचे काम मला जमणार नाही. व्यापारी नाराज झाला. एवढी नवी गाडी घेऊन हिंमत होत नाही का, दुसरे गाडीवाले तयार आहेत, असे त्याने सुनावले. काम हातचे जाते आहे हे शिष्याला दिसत होते, आणि त्याचे त्याला मनापासून वाईट वाटले. तरी त्याचा आवाज हलला नाही.

"माल एका खेपेतही येईल, शेठ," तो म्हणाला. "पण कुठं थांबेल, ते मी सांगू शकत नाही."

व्यापारी काहीतरी बोलायला गेला आणि थबकला. त्याची नजर समोरच्या रस्त्यावर गेली. वरून येऊन थेट आपल्या गादीकडे वळणारा तो उतार त्याने इतक्या वर्षांत त्या दृष्टीने कधी पाहिला नव्हता. रस्त्यात भाजीवाल्या बसल्या होत्या.

"दोन खेपा कर," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "पण उशीर चालणार नाही."

"उशीर होईल," शिष्य म्हणाला. "आत्ताच सांगून ठेवतो."

व्यापाऱ्याने मान हलवली आणि गादी थोडी आत सरकवून घेतली.